ओली छत्री आणि कोरडा खोकला

"मला गोड बोललेलं चालत नाही. खरं सांगा, तोंडावर सांगा आणि हातचं राखून सांगू नका." हे तज्ज्ञ इतक्या वेळा म्हणायचा की समोरच्याला खरं सांगायला वेळच उरायचा नाही.

तज्ज्ञ हे त्याचं ऑफिसातलं नाव. चहात साखर किती घालावी, मोटार कशी लावावी, नव्या साहेबांनी भांग कुठून पाडावा, सगळ्यावर त्याचं मत तयार! त्या नावात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे त्याने कधी तपासून पाहिलं नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो तक्रारींच्या फोनवर बसायचा. लोक लिफ्टमध्ये अडकले की फोन करायचे, हा आधी त्यांना धीर द्यायचा आणि मग लिफ्टमध्ये शिरताना त्यांचं काय चुकलं ते समजावून सांगायचा.

तर या माणसाने बिनपगारी रजा टाकली आणि घरी बसून कॉम्प्युटरवरचा एक रहस्याचा खेळ बनवला. नाव 'ओली छत्री'. एका बंगल्याच्या मालकाचा खून झालाय, खेळणाऱ्याने एकेका खोलीतल्या वस्तू तपासत पुढे जायचं आणि खुनी शोधायचा. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने रजेला होकार दिला, पण अट घातली. छोट्या खेळांचं एक प्रदर्शन भरणार होतं. त्यात हा खेळ निवडला गेला तर रजा वाढवायची, नाही तर मुकाट्याने पुन्हा फोनवर जाऊन बसायचं. तज्ज्ञाला त्या अटीचं हसूच आलं. निवड होणार हे त्याने धरूनच टाकलं होतं, प्रश्न एवढाच होता की भाषणात कोणाकोणाचे आभार मानायचे.

असे खेळ बनवणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट होता. दर रविवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ते जमायचे आणि एकमेकांचे खेळ खेळून मत द्यायचे. मत देण्याची तिथे एक रीत होती. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि मग 'फक्त एक छोटीशी गोष्ट' असं म्हणून तिसरी. ती छोटीशी गोष्ट बहुतेक वेळा अशी असायची की खेळ सुरूच होत नाही. दुसरा नियम फार कडक होता. कोणी आपला खेळ खेळत असेल तेव्हा आपण त्याच्या मागे बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खेळ उद्या लोकांच्या घरी गेला की बनवणारा काही प्रत्येकाच्या पाठीशी जाऊन उभा राहणार नसतो.

गोड बोलण्याची रीत तज्ज्ञाला साफ नामंजूर होती. गटात भूगोलाच्या एक बाई होत्या. शाळा सांभाळून त्या छोटे छोटे खेळ बनवायच्या. त्यांच्या नव्या खेळात टपाल कचेरीतली पत्रं योग्य खणात लावता लावता एक चोरी उघडकीला यायची. बाकीचे दोन गोड गोष्टी सांगून मोकळे झाले आणि तज्ज्ञाची पाळी आली. तो म्हणाला, "चांगल्या गोष्टी शोधल्या, सापडल्या नाहीत. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. कोडं फार सोपं आहे. माझ्या मेव्हण्यालाही सुटलं."

खोलीत सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. बाईंनी मात्र नववीचे वर्ग वर्षानुवर्षं पचवले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेव्हण्यांना माझे आभार सांगा."

गप्प बसण्याचा नियम मात्र तज्ज्ञाला मनापासून पटला होता. मी एक शब्द बोलत नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंही होतं.

पहिले बळी सासरे. त्यांनी जन्मात कॉम्प्युटरवर पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. खेळाची सुरुवात दिवाणखान्यात व्हायची. दाराला कुलूप आणि किल्ली कोपऱ्यातल्या चार छत्र्यांपैकी एकीत. बाहेर पाऊस नाही, तरी एक छत्री ओली, म्हणजे ती नक्की कोणीतरी न्हाणीघरात नेली होती, असा तज्ज्ञाचा बिनतोड तर्क. छत्री ओली आहे हे कळायचं कसं? तर तिच्या टोकाशी चार निळे ठिपके होते. ते ठिपके जगात फक्त तज्ज्ञाला दिसायचे, कारण त्यानेच ते काढले होते.

सासऱ्यांचा पडद्यावरचा बाण फुलदाणीवरून घड्याळावर गेला, घड्याळावरून गालिच्यावर. तज्ज्ञाचा जीव खालीवर व्हायला लागला. बाण छत्र्यांपाशी आला आणि तसाच पुढे निघाला, तेवढ्यात तज्ज्ञाच्या घशात खवखवलं. "ख्खं." बाण थांबला आणि मागे वळला. "ख्खं, ख्खं." सासऱ्यांनी छत्री उचलली, किल्ली खाली पडली, दार उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं त्याच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, घोरणाऱ्याला कुठे ठाऊक असतं आपण घोरतो म्हणून! तज्ज्ञाला एवढंच दिसलं की चहा गार व्हायच्या आत सासऱ्यांनी खुनी पकडला. मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी पकडला. मग मेव्हण्याने. मेव्हणा तर तिसऱ्या खोलीपासून पडद्याकडे नावालाच बघत होता, सगळं लक्ष कानात आणून नुसता बाण फिरवत बसला होता. जाताना म्हणाला की खेळ एकदम झकास आहे, अजिबात डोकं लावावं लागत नाही. तज्ज्ञाने यातलं झकास तेवढं घेतलं.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "तू फार खोकतोस."

तज्ज्ञ विरघळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हिचं आपल्याकडे किती लक्ष आहे! त्याने तिला धीर दिला की काळजीचं कारण नाही, खोकला कोरडाच आहे, जाईल आपोआप. ती पुढे काही सांगणार होती, पण तोवर त्याने तिच्या दुकानात खोकल्याची औषधं कोणत्या फळीवर लावायला हवीत यावर बोलायला सुरुवात केली. तिने कूस बदलावी तसा विषय बदलला.

पुढच्या रविवारी भूगोलाच्या बाईंनी 'ओली छत्री' खेळायला घेतली. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून कानावरचे भलेमोठे हेडफोन काढले आणि कान झाकून टाकले. तज्ज्ञ नियमाप्रमाणे मागे बसला.

बाईंनी गालिचा उलटून पाहिला. कपाटातली पुस्तकं एकेक करून उघडली. घड्याळाचे काटे पुढे नेले, मागे आणले. बाण छत्र्यांवरून गेला तेव्हा तज्ज्ञ खोकला. पुन्हा गेला तेव्हा दणकून खोकला. तिसऱ्या वेळी तर असा खोकला की कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी खडीसाखर दिली, कोणी खिडकी उघडली आणि दुसऱ्याने ती बंद केली. बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. तासाभराने त्यांनी हेडफोन काढले.

"दिवाणखान्याचे रंग छान आहेत," त्या म्हणाल्या. "घड्याळाची टिकटिकही छान आहे. फक्त एक छोटीशी गोष्ट. इथून बाहेर कसं पडायचं?"

तज्ज्ञाने घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं की ज्या बाईला दिवाणखान्यातून रस्ता सापडत नाही, तिला भूगोल शिकवायला ठेवलंय कोणी. आणि त्याच दुपारी त्याने खेळ प्रदर्शनाला पाठवून दिला.

उत्तर आलं ते वाचून त्याचं हसू मावळलं. परीक्षक तिघे होते आणि तिघांनी आपापल्या घरी बसून खेळ खेळला होता. त्यांनी लिहिलं होतं की दिवाणखाना सुरेख आहे, पण बाकीचा बंगला त्यांना बघायला मिळाला नाही, तरी आठवड्याभरात दुरुस्त करून पाठवल्यास पुन्हा विचार करता येईल. तज्ज्ञ आधी संतापला. तिघांनी डोळे तपासून घ्यावेत, असं त्याने लिहायलाही घेतलं. मग त्याला ऑफिसातला तो तक्रारींचा फोन आठवला. इतके महिने एकट्याने उभा केलेला बंगला, आणि त्यात कोणी पाऊलच टाकणार नव्हतं! त्याला खरोखर रडू आलं. ज्याने आयुष्यभर मतं वाटली, त्याला आता एक मत मागायचं होतं, आणि कोणाकडे मागावं ते सुचेना. शेवटी त्याने भूगोलाच्या बाईंना फोन केला.

बाई आल्या. टोमणा नाही, काही नाही. त्यांनी विचारलं की खेळ सुटलेलं एखादं माणूस हाताशी आहे का. मेव्हण्याला बोलावून घेतलं. तो खुर्चीवर बसला, आणि बाई पडद्याकडे न बघता तज्ज्ञाकडे बघत राहिल्या. दोनदा खोकला ऐकून त्यांनी खेळ थांबवला, तज्ज्ञाला स्वयंपाकघरात पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मेव्हण्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं.

आता मेव्हण्याला दिवाणखाना पाठ असायला हवा होता. पण पाठ व्हायला मुळात डोकं लावलेलं असावं लागतं. बाण फुलदाणीवर गेला, घड्याळावर गेला, गालिच्यावर जाऊन बसला. बराच वेळ काही घडलं नाही. मग बाहेरून मेव्हण्याचा कावलेला आवाज आला.

"भावोजी, खोका की जरा!"

स्वयंपाकघरात तज्ज्ञ ओट्याला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला.

त्याला बाहेर आणून बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "ठिपके मोठे करा, छत्रीखाली पाण्याचं थारोळं दाखवा. तरी सगळ्या खोल्या आठवड्यात सुधारायच्या नाहीत. तेव्हा खोकलाच खेळात घाला."

तज्ज्ञाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण फोनचा धाक मोठा होता. त्याने प्रत्येक खोलीत आरामखुर्चीवर एक आजोबा बसवले. खेळणारा योग्य वस्तूजवळ आला की आजोबा खोकायचे. आवाज तज्ज्ञाचा. आणि गंमत बघा, माईक समोर आल्यावर त्याला खोकलाच येईना! अखेर बायकोने मेव्हण्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं, तेव्हा कुठे घसा मोकळा झाला.

निवडीची बातमी सकाळी आली. बायको दुकानात जायला निघाली होती आणि किल्ल्या शोधत होती. तज्ज्ञाने तिला थांबवून वाचून दाखवलं, "आपला खेळ प्रदर्शनासाठी निवडला आहे. दिवाणखाना सुरेख. खोकणारे आजोबा त्याहून सुरेख. फक्त एक छोटीशी गोष्ट. आजोबांना कोणी डॉक्टरकडे का नेत नाही?"

बायको मनापासून हसली, तिचे डोळेही भरून आले. आणि उशी उचलून तिच्याखाली बघत ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला, फार खोकतोस म्हणून."

"मला वाटलं, तुला काळजी वाटतेय."

"वाटतच होती. खेळाची."

हे मात्र तज्ज्ञाच्या फार जिव्हारी लागलं. किल्ल्या फळांच्या टोपलीमागे पडलेल्या त्याला समोर दिसत होत्या. पण त्याने ठरवलं की आता एक शब्द बोलायचा नाही. बायकोने खण उघडला, वर्तमानपत्र झटकलं, पर्स पालथी केली. तिचा हात टोपलीजवळून गेला आणि पुढे निघाला.

"ख्खं."

हात थांबला आणि मागे आला. बायकोने किल्ल्या उचलल्या, पायांत चपला सरकवल्या आणि दार ओढून घेताना म्हणाली, "कोडं फार सोपं आहे."