तानुबाईचा तवा

साहेब, पेडगावात एक्केचाळीस चुली थंड राहिल्या त्या तुमच्या सहीनं. नाव मी लिहीत नाही. सही तुमची तुम्हाला ओळखू येईल.

मी शाळेत गेलेलो नाही. मराठी बैलांमागं शिकलो, उर्दू कचेरीच्या पायऱ्यांवर बसून शिकलो, आणि गावाच्या गाण्याबजावण्याचा सगळा इतिहास एकट्यानं लिहून काढला. फार सोपा गेला. कारण तो सगळा एकाच तारखेला घडलाय, तुमच्या निजामी फसली सालातल्या थंडीच्या बहमन महिन्यात, सात बहमनला! वाजवायला तुमची परवानगी लागते. पहिल्या साली तुमच्या कारकुनानं कागदावर सात बहमन टाकली आणि पुढं दरसाल तोच कागद उतरवला. म्हणून गावात पहिली सनई वाजली ती सात बहमनला, लिंबाजीची ढोलकी फुटली ती सात बहमनला. व्यंकटरावांच्या पोराचं लग्न वैशाखात मुक्यानं लागलं, वाजंत्री लावून वरात निघाली सात बहमनला, तेव्हा नवरीला सातवा महिना होता.

यंदाची गोष्ट मोठी होती. आमच्या कासाबाईची लेक तानुबाई मुंबईत गाते. तिच्या आवाजाचा तवा निघाला. फोनोवर फिरते ती काळी तबकडी, तिला आमच्याकडं तवाच म्हणतात. कासाबाईनं पाच वर्षं लेकीचा आवाज ऐकलेला नाही. म्हातारीच्या डोळ्याला दिसत नाही, कानाला जेमतेम. रोज विचारायची, "कवा वाजायलीय रे माझी तानी?"

मी अर्ज केला: तानुबाईचा तवा वाजवायची परवानगी मिळावी. माझ्या उर्दूत चूक शोधू नका, नाहीच.

सात बहमनला सकाळीच तुमचा जवान हुकूम घेऊन आला. तानुबाईचा तवा वाजवावा. गोंगाट होऊ नये म्हणून गावातले बाकी तवे ताब्यात घ्यावेत.

घेतले की. ऐन भाकरीच्या वक्ताला. चावडीत रास लागली. धुरपताबाईनं आपला तवा गोधडीखाली लपवला आणि वर बसली. तवा नुकताच चुलीवरून उतरलेला. तिनं फार वेळ लपवला नाही.

मी जवानाला तबकडी दाखवली. "ह्योच तानुबाईचा तवा."

"इसपे रोटी बनती?"

"न्हाई."

"तो फिर ये तवा नहीं."

परभणीच्या किशनरावांचा फोनो मी बैलगाडीत कडब्यात गुंडाळून आणला होता. त्याची पेटी उघडायला गेलो तर जवान म्हणतो, "हुकूम में पेटी नहीं लिखी."

कासाबाई पहाटेच नवं लुगडं नेसून पारावर जाऊन बसली होती. जवान तिच्या घरात शिरला, तानुबाई ज्याच्यावर भाकरी भाजायची तो तवा घेऊन पारावर आला आणि लिंबाजीच्या हातात उलथणं दिलं.

"बजाव."

"कोणत्या तालात, जवानसाब?"

"सरकारी."

लिंबाजीनं दुपारपर्यंत वाजवला. गाव उपाशी बसून ऐकत होतं. शिव्या तुमच्या वाटच्या, पण पडत होत्या मला.

"तवा म्हणं तवा. ह्याच्या टाळक्यावर वाजवा की त्यो," धुरपताबाई म्हणाली. ती उभी होती. तिला बसता येत नव्हतं.

कासाबाई मात्र कानामागं हात धरून शेवटपर्यंत बसली. डोळ्याला पदर लागलेला. लिंबाजी थांबला तशी तिनं माझी बाही ओढली.

"गळा लय बसलाय रे पोरीचा. मुंबईचं पाणी बाधलं. तिला लिही, गाणं सोड अन् घरी ये म्हणावं."

"आजी, त्यो तवा व्हता."

"मंग? तिचाच तवा न्हवं?"

दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिचंच खरं ठरलं.

साहेब, पुढची सात बहमन वर्षानं येईल. म्हातारी आत्ता माझ्यासमोर बसलीय आणि पत्र लिहून झाल्याशिवाय उठत नाही म्हणते. कागद घेतलाय, दौत उघडलीय. तानुबाईला काय लिहू? उत्तर द्या.