कोंडाजीचं फूल आणि माळावरची वाडी

कुंडी घरात घ्यायची, एवढंच कोंडाजीनं ठरवलं होतं. त्यापायी अख्खी वाडी माळावर जाऊन बसली.

मळवलीच्या एका बंगल्याची राखण कोंडाजी करायचा. तिथल्या शेठनं आगबोटीतनं कसलंसं झाड आणलं होतं. (झाड कसलं! पान नाही, काटा नाही. हिरवी चौकोनी बोटं उभी केलेली.) बंगला विकून जाताना कुंडी कोंडाजीच्या हवाली करून शेठ म्हणाला, "जप याला. ताटाएवढं फूल येतं." बाकीचं शेठ बोलला नाही. शहाणा होता.

कोंडाजीनं जपलं. मावळातल्या पावसात ते कुजायला लागलं, तर स्वतःचं इरलं कुंडीवर घातलं नि आपण भिजला. बायको बयाबाई म्हणायची, "आवं, म्हशीपुढं टाकलं तर म्हैसबी त्वांड फिरवती!" शेजारचा अंबाजी तर येता-जाता विचारायचा, "काय कोंडाजी, पाळणा कदी?" कोंडाजी दात खायचा नि कुंडी पुसत बसायचा. त्याला एकच हवं होतं : कुणीतरी एकानं त्या फुलाकडं बघून "वा!" म्हणावं.

भादव्यात कळी आली. कोंबड्या टोचायला लागल्या, म्हणून त्यानं कुंडी घरात कणगीमागं, खिडकीपाशी लपवली नि वर कोंबड्यांचंच डालगं पालथं घातलं. दृष्ट लागू नये म्हणून बायकोलाही सांगितलं नाही.

एका सकाळी डालगं उचललं, तर फूल! पाच टोकांची चांदणी, वाघागत पट्टे, वर मऊ लव. कोंडाजीनं नाक खुपसून वास घेतला. काही येईना. (जन्मभर तपकीर ओढलेली, नाकाची नुसती भोकं उरलेली.) "लाजतंय बिचारं," म्हणाला, आणि वाडीला बोलवायच्या आधी अंघोळ करावी म्हणून नदीवर गेला.

इकडं बयाबाई तांदूळ काढायला कणगीपाशी गेली, ती नाकाला पदर लावूनच बाहेर आली.

"उंदीर पडलाऽऽ!"

गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगाच्या साथीला अजून फार वर्षं झाली नव्हती. घरात उंदीर मेला की गाव सोडायचं, माळावर खोपटी घालायची, हे पोराटोरांनाही पाठ होतं. उंदीर बघितला का, हे कुणी विचारलं नाही. (वास आला की माणसाची अक्कल आधी पळते, पाय मागनं.)

कोंडाजी धुतलेलं धोतर नेसून आला, तर वाडी मडकी-गाडगी घेऊन निघालेली.

"आरं, कुटं निघालात? फूल आलंय!"

"मेलास तर घालू की तुज्यावर!" अंबाजी म्हातारीला पाठीवर घेऊन पळता पळता ओरडला.

कोंडाजी पेटला. लोक फुलाकडं येत नाहीत काय? मग फूलच जाईल! कुंडी डोक्यावर, कुंडीवर डालगं, नि निघाला माळावर. वारा पाठीचा.

"हितंबी वास आला!"

"उंदीर मागनं आला!"

लोक पळाले. कोंडाजी मागं. "थांबा रं! एकदा बगा तरी!" तो जितका पळे, तितकी वाडी पळे. शेवटी बयाबाई दमून धोंड्यावर बसली. कोंडाजीनं तिच्यापुढं कुंडी ठेवून ऐटीत डालगं उचललं. भसकन माश्या उठल्या.

बयाबाईनं वास घेतला. फुलाकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

"आवं, शेठनं फूल दिलं का मढं?"

"वासाचं ऱ्हाऊ दे. दिसतंय कसं, ते सांग!"

उत्तर अंबाजीनं दिलं. लांबनंच. "ही ब्याद वाडीत आणायची न्हाई!"

"मग मीबी येत न्हाई!" कोंडाजी म्हणाला. कुणीतरी "बरं, ऱ्हा मग" म्हणेल, असं त्याला वाटलं नव्हतं. सगळेच म्हणाले.

वाडी घरी गेली. माळावर साथीच्या वेळच्या एका पडक्या खोपटापुढं कोंडाजी नि त्याचं फूल. बयाबाई दुपारी भाकरी घेऊन आली, ती बांधावरच ठेवून मागं फिरली.

"आगं, जवळनं बगून तरी जा!"

"हितनं दिसतंय की. आवं, तुमा दोगांतलं फूल कुटलं, त्येवडं सांगा!"

उन्हं कलली, तसं शेवटी कुणीतरी आलं. नाक न दाबता, माश्या न हाकता, थेट कुंडीपाशी उतरलं. गिधाड होतं. मान वाकडी करून त्यानं फूल चांगलं निरखलं. कोंडाजीचा ऊर भरून आला.

"बग बाबा," तो म्हणाला. "तुला तरी कळतंय!"

गिधाडानं फुलाकडं पाठ फिरवली, कोंडाजीला खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं, आणि वाट बघत बसलं.