भाऊ, दादा आणि पिपरटोल्याचा सवाल

यादोरावचं टीव्हीवर जायचं ठरलं आणि त्या दिवसापासून पिपरटोल्याने त्याला दोन घास सुखाने खाऊ दिले नाहीत.

विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. गोंदियाच्या एका केबल चॅनलवाल्यांच्या डोक्यात आलं की दोन मोठे उमेदवार, भाऊ आणि दादा, समोरासमोर बसवावेत आणि गावोगावच्या माणसांकडून त्यांना प्रश्न विचारून घ्यावेत. शहरात याला डिबेट म्हणत होते. पिपरटोल्याने मात्र ऐकल्याबरोबर ओळखलं की हा तर दुय्यम सामना, म्हणजे दोन शाहिरांची झुंज. त्यात गावाची काही चूक नव्हती. दर वर्षी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तेव्हा खडी गंमतीचे दोन शाहीर एकमेकांसमोर उभे राहतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर डफ खाली ठेवायचा आणि गुमान घरी जायचं. नियम एकच, सवाल टाकणाऱ्याला स्वतःला जवाब ठाऊक पाहिजे. आता दोन गडी समोरासमोर, मध्ये सवाल, पाहायला पब्लिक, मग हे दुसरं काय असणार? आणि सवाल म्हटला की शाहीर आला. गावात शाहीर एकच, यादोराव.

खरी गोष्ट अशी की यादोरावने वर्षभर डफाला हात लावला नव्हता. मागच्या मंडईत शेजारच्या गावच्या श्यामलालने सवाल टाकला आणि यादोरावचं तोंड जे मिटलं ते उघडेचना. ढोलकीवाला वाजवून वाजवून थकला, पब्लिक ओरडून थकली, शेवटी यादोरावने डफ खाली ठेवला. तेव्हापासून गावातली पोट्टी त्याला पाहिलं की ओठ घट्ट मिटून उभी राहायची. बिचाऱ्याला बाजारात जायची लाज वाटे. टीव्हीवर झकास सवाल टाकला तर गेलेलं नाव परत येणार होतं. नाही टाकला तर जन्मभर मिटल्या तोंडाचा शाहीर म्हणूनच राहायचं होतं.

सरपंच उमरावने त्याला पारावर बसवून सांगितलं, "येकच सवाल टाकजो. पण असा टाकजो का दोघायचेबी डफ खाली आले पायजे."

एकच सवाल, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कोणता, इथे गाव फुटलं. उमरावला तलावाच्या फुटक्या पाळीचा सवाल पाहिजे होता. मुन्नालालला नाल्यावरच्या पुलाचा, कारण पूल उद्घाटनानंतर पहिल्याच पुरात वाहून गेला होता. शांतीबाईला गावात एसटी हवी होती. जागेश्वर म्हणे, रानडुकरं धान खाऊन राहिली, ते आधी. आणि देवकाबाईचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं. बिरसीच्या विमानतळावर विमान शिकणारी पोरं आभाळात घरघर करतात, म्हणून तिच्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं होतं. "त्या पोट्ट्यायले सांगा म्हणा, दुसरीकडून शिका," ती म्हणाली.

यादोराव मुळात भिडस्त माणूस. त्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. त्याने सगळं एका कवनात गुंफलं. पाळीनंतर पूल, पुलावरून एसटी, एसटीच्या आडवी रानडुकरं आणि वर विमान. कवन बसलं छान, पण असं लांबलं की लीलाबाईने चुलीवर भात टाकला तेव्हा सुरू केलेलं कवन भात करपला तरी कोंबड्यांपर्यंत पोचेना. करपलेला भात नवऱ्याच्या पानात वाढून लीलाबाई म्हणाली, "तिथं इतका येळ कोण देईल जी तुमाले?"

"शायराले कोणी मधात थांबवत नाही," यादोराव म्हणाला.

तिथे थांबवलं. कार्यक्रमाची मुलाखतवाली अल्का म्हणून गोंदियाची चटपटीत पोरगी होती. पिपरटोल्याचे यादोरावजी, असं नाव पुकारून तिने माइक पुढे केला. यादोरावने घसा खाकरून आलाप घेतला तशी ती घड्याळाकडे पाहत म्हणाली, "काका, गाना नहीं. एकच वाक्य. जल्दी."

एकच वाक्य! पाळ म्हणावी तर शांतीबाई उभं गाव डोक्यावर घेईल. एसटी म्हणावी तर उमराव कायमचा तोंड फिरवील. कोंबड्या म्हणाव्या तर जिल्हा हसेल. तोंडासमोर माइक, डोळ्यांवर दिवे, पुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भाऊ आणि दादा. आणि यादोरावचं तोंड पुन्हा तस्संच मिटलं. कानात नुसतं गुणगुणायला लागलं. पुढे कोण काय बोललं याचा त्याला पत्ताच नाही. कुणीतरी त्याला खाली बसवलं, हातात समोशाची पुडी दिली, आणि तो तालुक्याच्या देवरीपर्यंत एसटीने, पुढे पायी घरी आला.

"काऊन जी, इचारला का सवाल?" लीलाबाईने दारातच धरलं.

"उभा राहिलो," यादोराव म्हणाला. ते काही खोटं नव्हतं.

कार्यक्रम लगेच दिसणार नव्हता, हेच त्यातल्या त्यात बरं. त्याची सीडी गोंदियाहून एसटीने देवरीच्या केबलवाल्याकडे यायची होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लावणार होता. पण तोवर गावाने मंडई करून टाकली. लेकी माहेरी आल्या, जावई आले, जावयांसाठी कोंबडे कापले गेले. ज्यांनी यादोरावला वर्षभर हिणवलं ते आता पाहुण्यांना त्याचं घर दाखवत होते. आणि दुपार कलताना काखेत डफ मारून साक्षात श्यामलाल आला. यादोराव पडला की तिथल्या तिथे वाजवायचा, असा त्याचा बेत होता आणि तो त्याने लपवलाही नाही.

यादोरावची सगळी भिस्त आता भारनियमनावर. संध्याकाळी लाइन जाणार म्हणजे जाणार, वर्षभर कधी चुकली नव्हती. लाइन जावी म्हणून देवाला हात जोडणारा जिल्ह्यात तो एकटाच असेल. पण निवडणूक होती ना! मतदार चिडू नयेत म्हणून त्या आठवड्यात भारनियमनच बंद होतं. समाजमंदिरातला टीव्ही ठणठणीत चालू राहिला.

पडद्यावर यादोराव उभा राहिला तशा टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या. पडद्यावरचा यादोराव गप्प, समोरचं गाव गप्प. श्यामलालने हळूच डफ काखेतून काढला. खरा यादोराव खांबामागे सरकला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात टीव्हीतून भाऊंचा आवाज आला. "यादोरावजी, तुम्ही बोलत नाही, पण तुमच्या नजरेतला प्रश्न मला समजला. तो पूल माझ्या साळ्याने बांधला हे खरं आहे. पण सिमेंट त्याने त्याच्या मनाने कमी टाकलं, मी सांगितलं नव्हतं."

मुन्नालाल ताडकन उभा राहिला. "माहा सवाल टाकला गा यानं."

"ते पुलाचं विचारतच नाहीत," दादा मध्ये पडले. "ते माझ्याकडे पाहताहेत. पाळीचे दगड माझ्या घराच्या कंपाउंडला लागले, पण ते पडूनच होते."

उमरावने मांडीवर थाप मारली. यादोरावने एक डोळा उघडला. पडद्यावरचा यादोराव तसाच खांबासारखा उभा, आणि तो जितका गप्प राही तितके ते दोघं घाम पुसत जास्त बोलत. भाऊंनी एसटी कबूल केली. दादांनी रानडुकरांचा बंदोबस्त कबूल केला. शेवटी तर भाऊ म्हणाले, "विमानांचंही पाहू, पण असं पाहू नका हो." देवकाबाईने पदर डोळ्यांना लावला. अल्काने वेळ संपली म्हणून सांगितलं तेव्हा दोघे उमेदवार खाली मान घालून बसले होते.

समाजमंदिरात जो कल्ला झाला तो देवरीपर्यंत ऐकू गेला असेल. लोकांनी यादोरावला खांबामागून ओढून खांद्यावर घेतलं. प्रत्येकाला खात्री होती की यादोरावने त्याचाच सवाल टाकला. लीलाबाई तेवढी नवऱ्याचं तोंड न्याहाळत होती. हसू तिला आवरत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर श्यामलाल पुढे आला. चेहरा उतरलेला. "यादोराव," तो म्हणाला, "मागच्या मंडईत तू माह्या सवालावर असाच चूप उभा होतास. तेबी हेच होय का?"

यादोराव सरळ माणूस. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याने शब्द जुळवायला घेतले. पण गर्दी, आनंद, खांद्यावरची मिरवणूक, सगळं एकदम आठवलं आणि तोंड पुन्हा मिटलं. तो नुसता पाहत राहिला.

श्यामलालने थोडा वेळ ती नजर झेलली. मग त्याने मान खाली घातली.

"म्हणजे तुले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "त्या सवालाचा जवाब मलेबी येत नव्हता गा."

आणि त्याने आपला डफ यादोरावच्या पायाशी ठेवला.