हंसाबाईचे बैल आणि धावजीची खिडकी

आधीच हात जोडतो. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याजवळ नीट नांदत नाहीत आणि जड शब्द मला पेलत नाहीत. जमेल तसं साधंच सांगतो. आमच्या बंजारा तांड्यात माणसं आपसात गोरबोली बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून त्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिलं आहे.

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात पहिलं विटांचं घर धावजीच्या बापानं, लखीरामनं बांधलं. पण खिडकीला वाळवी लागली आणि चौकटीचा भुगा झाला. धावजीची बायको बिजली तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. ती यायच्या आत काचेची खिडकी बसवायची, असं धावजीनं ठरवलं. कापसातली सरकी काढायचा एक जिन मोडीत निघाला होता, त्याच्या हापिसातली खिडकी त्याला मिळाली. रंग झकास, काच झकास. फक्त भिंतीतल्या भोकापेक्षा ती चार बोटं लहान. (आधी माप घ्यायचं असतं, हे त्याला खिडकी घरी आणल्यावर सुचलं.)

पाचरी ठोकून चौकट कशीबशी उभी केली, तर चारी फटींतून पौषाचा वारा घरात. ही बातमी वाऱ्याच्याही आधी सासुरवाडीला पोचली. सासूचा, हंसाबाईचा निरोप आला, "खिडकीतून वारा येते तोवर लेक अन् नातू धाडत नाही. उद्या मीच येऊन पाहीन."

 पोराचं तोंड धावजीनं एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेलं.

तो सुताराकडे धावला. सुतार म्हणाला, "फटीत लांबी भर. खडूची पूड अन् जवसाचं तेल कणकेवानी मळाचं. वाळलं का दगड."

घरात तेल नव्हतं आणि बाजाराचा दिवस लांब होता. होती ती जवसाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, बैलांसाठी आणलेली. धावजीनं ढेप भिजवली, पांढऱ्या मातीत कालवली आणि मळायला बसला.

"अबे, बैलाची ढेप हाय ते!" लखीराम ओरडला.

"जवसाचीच हाय न, बाबा. तेलच समजा. वाळलेलं."

फटी गच्च भरल्या. वरून बोट फिरवून गुळगुळीत केल्या. पाचरी वाईट दिसत होत्या, म्हणून त्याही काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी हंसाबाईचा छकडा आला. पाहुण्यांच्या बैलांना वारा लागू नये म्हणून धावजीनं ते स्वतः नेऊन भिंतीच्या आडोशाला बांधले. (कोणत्या भिंतीच्या, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.)

दिवेलागणीला हंसाबाईनं पेटती दिवली खिडकीत ठेवली. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. तिनं पदर पुढे ओढला.

"व्याही, घरच्या लोकायले पुसा, फटीत काय भरलं?"

"बाबा, लांबी, म्हणा," धावजी जमिनीकडे पाहत म्हणाला.

"पक्की हाय का, पुसा."

"दगडावानी, म्हणा."

"मी काय पोस्टमन हाव का रे?" लखीराम म्हणाला.

सगळे ज्योतीकडे पाहू लागले. ज्योत हलेना. धावजीचा श्वासही हलेना. शेवटी हंसाबाई म्हणाली, "व्याही, पाळणा बांधा. परवा नातू धाडतो."

धावजीच्या डोळ्यांत पाणी यायला आणि बाहेरून सर्र, सर्र आवाज यायला एकच गाठ पडली. ज्योत थरथरली.

"वारा!" हंसाबाई म्हणाली.

"नाही, म्हणा!" धावजीनं झडप घालून फटीवर तळहात दाबला. तळहाताला काहीतरी ऊन, ओलं, खरबरीत लागलं. त्यानं हात काढला नाही. कपाळावर घाम, तोंडावर हसू.

"पोरगा घामेजला काहून?" लखीरामनं विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. चौकट एकदा डुगडुगली आणि अख्खी खिडकी धावजीच्या मिठीत आली. मोकळ्या भोकातून हंसाबाईच्या भुऱ्या बैलानं मुंडकं आत घातलं. तोंडाला पांढरी लांबी, जीभ नाकपुडीत. त्यानं समाधानानं फुस्स केलं आणि दिवली विझली.

 अंधारात हंसाबाई हसायला लागली ती थांबेना. हसू आवरलं तेव्हा ती बैलालाच म्हणाली, "भुऱ्या, याले सांग, आता दिवा नाही, तूच पाहाले येशील. खिडकी चाटून तू तोंड फिरवलं, का त्याच दिवशी नातू धाडतो."

सकाळी छकडा जुंपला, पण बैल हलेनात. हंसाबाईनं शेपट्या पिळल्या, लखीरामनं चुचकारलं. बैल खिडकीकडेच मान वळवून उभे. शेवटी धावजीनं घमेल्यात उरलेल्या लांबीचा गोळा उचलला, बैलांच्या नाकापुढे धरला आणि सासुरवाडीच्या वाटेनं उलट्या पावलांनी चालू लागला. बैल निमूट मागे निघाले.

नाल्याजवळ तांड्यातला किसनसिंग भेटला. "काय धावजी, सासुरवाडीले? बायकोले आणाले चालला का?"

"नाही," धावजी म्हणाला. "बैल पोचवाले."