गोंदा भेकराचा पाहुणचार

एका जंगलात एक वाघ होता. असतोच. वाघ नसलेल्या जंगलाची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि सांगितली तर तुम्ही ऐकणार नाही. तेव्हा मुलांनो, नीट मांडी घालून बसा, आणि मध्येच ‘पुढे काय झालं’ म्हणून विचारू नका. पुढे काय झालं ते पुढेच येईल.

वाघाचं नाव रणधीरराव. अंगावर पट्टे, बोलण्यात साखर.

याच जंगलात गोंदा नावाचं भेकर राहायचं. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. वाघाचा वास आला की ते भुंकतं. ते भुंकलं की बाकीचं जंगल धूम ठोकतं. या कामाचा भेकराला कुणी पगार देत नाही. त्याचा स्वभावच तसा.

रणधीररावांची मात्र त्यामुळे फार उपासमार व्हायची. शेवटी त्यांनी हुकूम काढला: भुंकण्याने जंगलाची शांतता बिघडते, सबब भुंकायचं नाही.

सगळी भेकरं गप्प बसली. गोंदाही बसला. पण एका संध्याकाळी पाणवठ्यावर वारा फिरला, नाकात वास शिरला, आणि गोंदाच्या तोंडून “भॉक!” निघून गेलं. चितळांचा कळप वाचला. गोंदा सापडला.

वाघाने त्याला गुहेत कोंडलं. होळीच्या पौर्णिमेला वाघाकडे मेजवानी होती, आणि तिथे ताटात कोण असणार हे लहान पिल्लांनाही कळत होतं.

गोंदाची बायको सोनकी. ती आधी पोटभर रडली. मग तिला राग आला. रागावलेली भेकरीण तुम्ही पाहिली नसेल. ती घरात बसत नाही.

दूरच्या तळ्यातल्या बेटावर सगळ्या जंगलांची मिळून एक हक्क परिषद भरायची. प्रत्येक प्राण्याला जगण्याचा, चरण्याचा आणि ओरडण्याचा हक्क आहे, असं परिषदेने फार पूर्वी ठरवलं होतं. ठरवताना टाळ्या वाजल्या होत्या. परिषदेवर निम्मे वाघ होते, त्यांनीही वाजवल्या होत्या.

सोनकी पोहत बेटावर गेली. चिटणीस बगळा एका पायावर उभा होता.

“बाई, तक्रार कुणाविरुद्ध?”

“वाघाविरुद्ध.”

“श्श! इथे कुणाचं नाव घ्यायची पद्धत नाही. संबंधित पक्ष म्हणा. बरं, आधी संबंधित पक्षाकडे दाद मागितलीत का?”

“म्हणजे वाघाकडे?”

“तसा नियम आहे.”

“अहो, तिथे गेले असते तर इथे कशी आले असते? तिथेच संपले असते की!”

बगळ्याने पाय बदलला. विचार करताना तो पाय बदलायचा.

पण सोनकीचं नशीब बरं होतं. ते परिषदेचं सुधारणा वर्ष होतं. परिषद बेटावर बसून नुसती चिंता व्यक्त करते, अशी सगळीकडे कुजबुज होती. म्हणून असं ठरलं होतं, की यापुढे प्रत्यक्ष जागेवर जाऊन चिंता व्यक्त करायची.

या सुधारणेसाठी दोघांचं पथक निघालं. प्रमुख म्हणून कासवअण्णा आणि सोबत चिटणीस बगळा. कासवअण्णांची निवड का झाली, हे मला विचारू नका. मलाही राग येतो.

पथक पोहोचलं तेव्हा होळी अगदी तोंडावर आली होती.

रणधीररावांनी पथकाला आनंदाने येऊ दिलं. कारण त्यांना परिषदेचं अध्यक्ष व्हायचं होतं. गुहेच्या दाराशी त्यांनी बैठक मांडली. उंबरं, मध, काकड्या ठेवल्या. स्वतः दारात आडवे बसले आणि पाहुण्यांना दाखवायला एक काकडी खाल्ली. तोंड वाकडं झालं, पण खाल्ली.

“आत कुणी कैदी आहे का?” कासवअण्णांनी विचारलं.

“कैदी? छे छे! पाहुणा आहे. भुंकून भुंकून घसा बसला बिचाऱ्याचा. विश्रांतीला ठेवलाय.”

“जायला मोकळा आहे?”

“हवं तेव्हा! माझ्या घरी कुणी कुणाला अडवत नाही.”

“खोटं आहे!” सोनकी ओरडली.

“मध्ये बोलायचं नाही,” बगळा म्हणाला. “तुमची बाजू शेवटी ऐकू. वेळ उरला तर.”

मग अहवालात काय लिहायचं यावर चर्चा सुरू झाली. बगळा म्हणाला, परिषदेला ‘चिंता’ वाटते. कासवअण्णा म्हणाले, ‘काळजी’ जास्त सौम्य. रणधीरराव म्हणाले, ‘कुतूहल’ लिहा. तिघेही हट्टाला पेटले. आवाज चढले. ऊन कललं, तरी चिंता आणि काळजी तिथल्या तिथेच.

सोनकी झुडपाआड बसली होती. हे सगळं मोठ्या विश्वासाने आपणच बोलावून आणलं, याची तिला लाज वाटली. आत गोंदा, बाहेर हे शब्दांचे शौकीन, आणि उद्या होळी.

आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. सकाळपासून वाघ जागचा हललेला नाही.

ती तडक हरबाकाकांच्या बिळाशी गेली. हरबाकाका म्हणजे साळिंदर. बीळ खणण्यात तरबेज, पण वाघाच्या भीतीने गुहेच्या टेकडीकडे कधी फिरकत नसत.

“काका, गुहेची मागची बाजू मातीची आहे.”

“आणि वाघ?”

“पुढे मीटिंगमध्ये आहे.”

“किती वेळ?”

“ते माझ्यावर सोडा.”

सोनकी धावत परत आली आणि हात जोडून पथकासमोर उभी राहिली.

“कासवअण्णा, माझं काही म्हणणं नाही. फक्त घाई करू नका. नुसती चिंता, तीव्र चिंता की अतितीव्र चिंता, हे नीट ठरवा. पुढच्या पिढ्या वाचतील.”

कासवअण्णांचे डोळे भरून आले. इतकी समंजस तक्रारदार त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी चर्चा पहिल्यापासून सुरू केली. मागे माती उकरल्याचा आवाज येत होता, पण पुढे तिघे एकदम बोलत होते. कुणाला काय ऐकू येणार?

सूर्य टेकायला आला आणि गुहेच्या मागे भोक पडलं. गोंदा सरपटत बाहेर आला, मोकळ्या हवेत उभा राहिला, आणि वाऱ्यावर वाघाचा वास आला.

“भॉक!”

काय करणार? स्वभाव.

बगळा उडाला. कासवअण्णा कवचात शिरले. रणधीररावांनी वळून पाहिलं. टेकडीवरून गोंदा पळत होता. त्यांनी झेप घ्यायला अंग आखडलं आणि गर्जना केली, “पकडा! कैदी पळा—”

आणि ते थांबले.

बगळा खाली उतरला. “काय म्हणालात महाराज? कैदी?”

“नाही, नाही. पाहुणा... पाहुणा निघाला वाटतं.”

“मग आपण कुठे निघालात?”

“त्याला... पोचवायला.”

“त्यांना वाट माहीत आहे,” सोनकी म्हणाली. “पाहुण्याला तुमच्या घरी कुणी अडवत नाही ना, महाराज?”

कवचातून कासवअण्णांचा आवाज आला, “तसं महाराज स्वतःच म्हणाले आहेत. माझ्या पक्कं लक्षात आहे.”

रणधीरराव खाली बसले. त्यांनी दुसरी काकडी घेतली.

परिषदेचा अहवाल फार चांगला झाला. त्यात म्हटलं होतं, की पथकाने गुहा आतून तपासली, एकही कैदी आढळला नाही. हवा खेळती राहावी म्हणून मागेही दार ठेवलं आहे, हे कौतुकास्पद. सुधारणा यशस्वी झाली. टाळ्या वाजल्या. रणधीरराव एकमताने अध्यक्ष झाले.

आता अध्यक्षाला बैठकीतून उठता येत नाही. म्हणून सोनकी अधूनमधून पोहत बेटावर जाते आणि एखादी बारीकशी तक्रार देते. कधी गवताच्या उंचीबद्दल, कधी बेडकांच्या आवाजाबद्दल. परिषद तातडीने बसते, आणि बसते ती बसतेच. तेवढे दिवस जंगलात पिल्लं निर्धास्त चरतात. गोंदा भुंकायचाही विसरतो.

तात्पर्य: मुलांनो, हक्कांच्या रक्षणाची बैठक चालू असेल तर ती लवकर संपवा म्हणून कधी आरडाओरडा करू नये. वाघ जेवढा वेळ तिथे बसलेला असतो, तेवढा वेळ तो आपल्या दारात नसतो. तेवढ्यात आपलं भोक आपणच पाडून घ्यावं.