ठेवणीतले बूट

"आज काढतेय हं मी ते!" माईंनी कपाटासमोर उभं राहून जाहीर केलं. एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केल्यामुळे माई घरातलं साधं वाक्यही पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "ते म्हणजे ते? सात वर्षांपूर्वीचे?"

"सात वर्षांपूर्वीचे काय म्हणता अहो? नवे कोरे आहेत. एकदासुद्धा पाऊल घातलेलं नाही."

जावयानं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोन्ही आयांसाठी, म्हणजे स्वतःच्या आईसाठी आणि सासूबाईंसाठी, पळायचे एकसारखे बूट आणले होते. पांढरे, निळ्या पट्टीचे, सहा नंबरचे. माईंनी ते हुंगले, तळहातावर तोलून "किती हलके गं बाई!" म्हटलं आणि ठेवून दिले. त्यांच्या घरात चांगल्या वस्तूची रीतच ती. काचेचे सहा पेले पाहुण्यांसाठी, जाड टॉवेल कधी दवाखान्यात राहायची वेळ आलीच तर, आणि वासाचा साबण कपड्यांच्या घडीत. आंघोळीला कुणी मागितलाच, तर माई अशा बघत की मागणारा नुसत्या पाण्यानं स्वच्छ होऊन यायचा.

बुटांची बडदास्त तर विचारूच नका. आत कागदाचे बोळे, बोळ्यांत डांबराच्या गोळ्या, मग खोकं, खोक्यावर घट्ट गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर जुनी चादर. दर सहा महिन्यांनी त्यांना खिडकीत ऊन दाखवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि पुन्हा बांधून वर ठेवायचं. पळण्यासाठी आणलेल्या त्या बुटांनी सात वर्षांत कपाट ते खिडकी एवढाच प्रवास केला होता.

आज मात्र त्यांचा दिवस उजाडला होता. बागेतल्या ज्येष्ठ मंडळींची तीन किलोमीटरची शर्यत होती आणि महिलांच्या गटाचा करंडक सलग दोन वर्षं विहीणबाईंच्या दिवाणखान्यात मुक्कामाला होता. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या पळतानाही मागच्या रांगेकडे लक्ष ठेवून पळत. गेल्या वर्षी करंडक घेताना त्या म्हणाल्या होत्या, "माई, तुमचे बूट अजून खोक्यातच का हो? जपा, जपा. माझे मेले पहिल्याच वर्षी झिजले. मला नाही बाई जमत, वस्तू ठेवून ठेवून तिच्याकडे बघत बसणं!"

ते वाक्य माईंना वर्षभर डाळीतल्या खड्यासारखं दाताखाली येत होतं. परवा फोनवर त्यांनी विहीणबाईंना ठणकावून सांगितलं होतं, "यंदा करंडक माझ्या फोनशेजारी बसणार. पुसायला फडकंसुद्धा काढून ठेवलंय."

सकाळी कचऱ्याची गाडी आली तशा माई आपले जुने कॅनव्हासचे बूट घेऊन निघाल्या. त्यातून दोन्ही अंगठे केव्हाचे जग बघत होते.

"अगं, शर्यत होईपर्यंत तरी राहू दे," अण्णा म्हणाले.

"दोन दगडांवर पाय नको," म्हणत माईंनी बूट गाडीत टाकले.

बागेच्या फाटकाशी विहीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या पायांत पांढरे, निळ्या पट्टीचे, लखलखीत बूट! माईंनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे.

"हे हो कुठले, विहीणबाई?"

"हे होय? नवीन घेतला जोड," विहीणबाई समोरच्या झाडाला म्हणाल्या. "अगदी तस्साच मिळाला."

शिट्टी झाली. सात जणी निघाल्या. पहिला अर्धा किलोमीटर माई पळाल्या म्हणण्यापेक्षा तरंगल्या. कॅनव्हासच्या बुटांत रस्त्याचा प्रत्येक खडा ओळख द्यायचा; इथे रस्ता आहे की नाही तेही कळेना. एकेकीला मागे टाकत माई दुसऱ्या आल्या. पुढे फक्त विहीणबाईंची ताठ पाठ होती. बागेच्या दगडी भिंतीशी आल्यावर डाव्या टाचेखाली काहीतरी भिजल्या पावासारखं दबलं. माईंनी दुर्लक्ष केलं. मग उजव्या टाचेनंही तेच केलं. खाली पाहतात तो काय, पावलागणिक करडा चुरा सांडत होता!

माई घाबरल्या, पण थांबल्या नाहीत. बुटाचा तळवा शिळ्या केकसारखा सुटत होता आणि त्या पळता पळता बुटाला समजावत होत्या, "अरे, सात वर्षं बसून खाल्लंस ना? आता दोन किलोमीटर दम धर!"

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की चुरा पुढेही पडलेला आहे. आपल्या बुटांचा चुरा आपल्यामागे पडेल, हे समजण्यासारखं होतं. पण पुढे कसा? माई त्या चुऱ्याचा माग काढत वळणावर आल्या, तर बाकावर विहीणबाई. मांडीवर एक बूट आणि हातात त्याचा अख्खा तळवा.

माई समोर उभ्या राहिल्या. त्याच क्षणी त्यांचाही डावा तळवा सुटून शहाण्या मांजरासारखा शेजारी येऊन पडला.

"विहीणबाई, पहिल्याच वर्षी झिजले होते ना हो हे?"

विहीणबाईंनी आधी तळव्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "झिजवायचेच होते हो," त्या हळूच म्हणाल्या. "चांगला दिवसच मिळेना."

"गोळ्या कुठल्या ठेवल्या होत्यात?"

"डांबराच्या. आणि दर तीन महिन्यांनी ऊन."

"तीन? मी सहाच महिन्यांनी दाखवायचे," माई म्हणाल्या, आणि दोघींना असं हसू फुटलं की विहीणबाईंना बाकाचा आणि माईंना विहीणबाईंचा आधार घ्यावा लागला.

"अहो, हसताय काय!" विहीणबाई एकदम सावध झाल्या. त्यांची मागच्या रांगेवरची नजर काही सुटली नव्हती. "ती बघा, दातांची डॉक्टर येतेय मागून! करंडक तिच्या दवाखान्यात जाईल. त्यात ती दात बुडवून ठेवील!"

एवढं पुरे झालं. दोघींनी उरलेसुरले बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर पळत सुटल्या. माई "सरका, सरका!" म्हणून ओरडत होत्या, त्यामुळे बागेत फिरायला आलेली माणसं बाजूला होऊन पुढचा अर्धा रस्ता आपोआप मोकळा झाला. विहीणबाईंच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. माईंनी ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विहीणबाई मनापासून आवडल्या. हसता हसता दोघी एकमेकींना धरून, डॉक्टरणीच्या चार पावलं आधी, एकाच वेळी शर्यतीच्या शेवटच्या दोरीवर पडल्या.

बक्षीस देणाऱ्या बूटवाल्या दुकानदारानं दोघींच्या हातातले फाटके अवशेष घेऊन उलटसुलट पाहिले. "वापरलेच नाहीत ना कधी?"

"कध्धीच नाही!" दोघी अभिमानानं म्हणाल्या.

"तेच तर. बूट न घालताही म्हातारा होतो, आजी. तळव्याचा फोम दमटपणानं आतल्या आत कुजतो. पिशवीत कोंडून ठेवला तर लवकरच."

करंडक विभागून देण्यात आला. पण यंदा करंडकाबरोबर बक्षीस होतं पळायच्या बुटांचं. एकच जोड, सहा नंबर. अण्णा आणि जावई एकमेकांकडे बघू लागले. हसणाऱ्या दोन विहिणींचं पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं. पण मुख्याध्यापिकेनं तिथल्या तिथे वेळापत्रक आखलं. एक आठवडा बूट माईंकडे नि करंडक आपल्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट. बदली रविवारी सकाळी.

आणि मग ते झालं, जे सात वर्षांत झालं नव्हतं. रविवारी बूट जाणार म्हटल्यावर माईंना ते खोक्यात ठेवायला सवडच होईना. त्या बूट घालून भाजी आणू लागल्या, गच्चीवर कपडे वाळत घालू लागल्या, फोनवर बोलतानाही जागच्या जागी पळू लागल्या. "विहीणबाईंनी गेल्या आठवड्यात म्हणे रोज पाच किलोमीटर वापरले," त्या अण्णांना सांगत. "आपण काय कमी वापरायचे?" तिकडे विहीणबाई बूट घालून तीन मजले उगीचच चढत-उतरत होत्या.

पाचव्या महिन्यात दोघी मिळून दुकानात गेल्या. दुकानदारानं बूट उलटा केला. तळवा आरशासारखा गुळगुळीत!

"हा जोड वर्षभर तरी जायला हवा होता, आजी. एवढा वापरला कुणी?"

"ह्यांनी!" दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

दुकानदार हसत नवा जोड घेऊन आला. दोघींनी मिळून तो हुंगला, तळहातावर तोलला. त्यानं सवयीनं खोक्यावर पिशवी चढवायला घेतली, तशी माईंनी झटकन त्याचा हात धरला.

"बांधू नका हो. घालूनच जाते. आज बुधवार, माझा आठवडा निम्मा संपलाय!"