अंशतः कार्यरत

"अंशतः कार्यरत म्हणे! कुठला अंश? आतला दिवा लागतो, तो?" पाचव्या मजल्यावरून जिना उतरताना सचिवांची बायको गुडघ्यावर हात ठेवून पुटपुटली. लेकीला मुलगी झाली होती. नातीला पहिल्यांदा बघायला दोघं निघाली होती. अकराची बस, दिवसातून एकच.

सचिव म्हणजे इमारतीचे सचिव. त्याआधी तीस वर्षं त्यांनी मंत्र्यांची निवेदनं लिहिली. त्यांच्या लेखणीखाली पूल कधी पडला नाही. फार तर 'पुलाने आपल्या भूमिकेचा फेरविचार केला'. निवृत्तीनंतर ती लेखणी इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उतरली. आठ दिवस आचके देणाऱ्या लिफ्टबद्दल त्यांनी कळवलं होतं, 'लिफ्ट अंशतः कार्यरत असून प्रवास अनुभवसमृद्ध होत आहे.' रहिवाशांनी ते वाचलं, टाळ्यांची चित्रं टाकली आणि गुपचूप जिना धरला.

"दोन बॅगा आहेत, मी लिफ्टने येतो," सचिव वरून म्हणाले. "तू हो पुढे."

ग्रुपवरच्या त्या सूचनेवर विश्वास ठेवणारा इमारतीतला तो एकमेव माणूस.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टने हिसका दिला आणि ती थांबली. घंटीचं बटण दाबलं तर ते हातातच आलं. फोन लागेना, मेसेज मात्र कसाबसा जात होता. सचिवांनी 'अडकलो' असं टाइप केलं, त्याकडे पाहिलं, आणि पुसून टाकलं. इतकं उघडंनागडं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

'सचिव सध्या लिफ्टच्या स्थितीचा आतून आढावा घेत आहेत.'

'वा साहेब! सुट्टीच्या दिवशीही काम!' शिक्षिकाबाईंनी लिहिलं. पाच अंगठे आले, दोन फुलं आली.

दहा पस्तीसला सचिवांनी आवाज चढवला. 'आढाव्याची मुदत वाढली असून बाह्य सहकार्याचे स्वागत आहे.'

'मीटिंगला चहा असेल ना?' पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने विचारलं.

दहा पंचावन्न. बॅटरी दोन टक्के. सचिवांनी डोळे मिटले, उघडले आणि लिहून टाकलं, 'अडकलोय. लिफ्ट बिघडली आहे. काढा मला.'

मग दंतवैद्याचा मेसेज आला. 'सावधान! सचिवांचा नंबर हॅक झालाय. ही भाषा त्यांची नव्हे. कोणीही उत्तर देऊ नये.'

फोन बंद पडला.

"हॅक कसला, नवरा आहे तो माझा!" खाली दारात वाट बघत उभी असलेली बायको ओरडली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी उलट वर धावली. वॉचमनने किल्ली आणली. बखोटीला धरून सचिवांना फटीतून ओढून काढलं, तेव्हा सव्वाअकरा झाले होते. सगळी इमारत जिन्यात जमली होती.

"साहेब, लिफ्टला नक्की झालंय काय?"

"तांत्रिकदृष्ट्या पाहता..."

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा, बसलात ना बसमध्ये? ही बया आज झोपायचं नाव घेत नाहीये. आजोबांची वाट बघतेय बहुतेक."

"बाळा, आमच्या प्रवासाचं जरा पुनर्नियोज..."

बायको पायरीवर बसून गुडघा चोळत होती. तिने वर पाहिलंच नाही. सचिव थांबले.

"बस चुकली गं," ते म्हणाले. "लिफ्ट आठ दिवस बिघडलेली आहे. मला माहीत होतं. मेकॅनिक मी बोलावलाच नाही. चूक माझी."